पडद्यावरचा कचरा वाचताना

पॅक-मॅनचा जुना बोर्ड बिघडला तर तो बहुधा गप्प बसत नाही. पडदा काळाठिक्कर पडण्याऐवजी त्यावर इंग्रजी अक्षरं, आकडे, चक्रव्यूहाच्या भिंतींचे तुकडे, अर्धीमुर्धी फळं असा सगळा कचरा पसरतो. नवख्याला वाटतं, बोर्ड कामातून गेला. मुरलेल्या मेकॅनिकला मात्र तो कचरा पाहून हायसं वाटतं. एवढं दिसतंय म्हणजे अर्ध्याहून जास्त बोर्ड जिवंत आहे, आणि उरलेल्यात काय मेलंय याचा सुगावा पुष्कळदा त्या कचऱ्यातच असतो. धसका घ्यावा तो कोऱ्या पडद्याचा.

हा खेळ जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी रचला. १९८० साली तो बाजारात आला आणि अमेरिकेत मिडवे कंपनीने तो कपाटाएवढ्या यंत्रांत घालून विकला. त्या कपाटातल्या बोर्डावर एक झेड-८० प्रोसेसर आहे, ३.०७२ मेगाहर्ट्झवर चालणारा. अख्खा प्रोग्राम १६ किलोबाइटचा, चार रॉममध्ये वाटून दिलेला. प्रोसेसरच्या कामाची आणि पडद्याची रॅम मिळून ३ किलोबाइट. सकाळी व्हॉट्सॲपवर येऊन पडणारं ‘शुभ प्रभात’चं चित्र याच्या कित्येक पट मोठं असतं. बाकीची जागा ७४ मालिकेतल्या लहान लहान आयसींनी अडवलेली: गेट, काउंटर, लॅच, बफर. आजच्या फोनमध्ये हे सगळं एकाच चिपमध्ये मावतं, आणि म्हणूनच बिघडलं की ती चिप फेकावी लागते. इथे प्रत्येक काम वेगळ्या आयसीकडे आहे, तिचे पाय डोळ्यांना दिसतात आणि प्रत्येक पायावर काय चाललंय ते मोजता येतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही हे बोर्ड दुरुस्त होतात ते यामुळेच.

आता चित्राकडे येऊ. पडदा ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनांत विभागलेला आहे. आडवे २८ आणि उभे ३६ चौकोन. प्रत्येक चौकोनासाठी व्हिडिओ रॅममध्ये एक आकडा असतो, कुठली आकृती काढायची ते सांगणारा. कलर रॅममध्ये दुसरा असतो, ती कुठल्या रंगात काढायची ते सांगणारा. आकृत्या स्वतः एका वेगळ्या रॉममध्ये कोरलेल्या असतात. तिला ‘५ई’ म्हणतात, कारण बोर्डावर आखलेल्या चौकटीत ती त्या घरात बसते. भुतं आणि खुद्द पॅक-मॅन, म्हणजे हलणारे आकार, शेजारच्या ५एफमध्ये. प्रोसेसर चित्र काढत नाही, तो फक्त रॅममधले आकडे बदलतो. ते आकडे सेकंदाला साठ वेळा वाचून पडदा रंगवायचं काम एक स्वतंत्र सर्किट करतं, आणि प्रोसेसर जिवंत आहे की मेलाय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. वीज येते तेव्हा रॅममध्ये वाटेल ते आकडे असतात. प्रोसेसरने ते पुसले नाहीत तर तेच पडद्यावर उमटतात.

म्हणून स्थिर, न हलणारा कचरा दिसला की काय काय ठीक आहे याची यादीच हातात येते. क्रिस्टल चालतोय, त्याच्या ठोक्यांवर मोजणारे काउंटर चालताहेत, रॅम वाचली जातेय, ५ईमधून आकृत्या निघताहेत, रंग ठरताहेत. संशय उरतो तो प्रोसेसर, त्याचा प्रोग्राम आणि त्या दोघांमधल्या तारांवर. याउलट खेळ व्यवस्थित चालू आहे, चक्रव्यूहही नीट आहे, पण भुतांच्या जागी नुसत्या चिंध्या दिसताहेत, तर प्रोसेसरला हात लावायचं कारणच नाही. आधी ५एफ तपासायची. भिंती जागच्या जागी आहेत पण रंग भलतेच, तर कलर रॅम किंवा रंगांची छोटी प्रॉम. चित्राचं निदान असं आकार, जागा आणि रंग वेगवेगळे करून होतं.

याहून बारीक वाचनही करता येतं, आणि मला या कामातली सगळ्यात मोठी गंमत तिथेच वाटते. समजा, खेळ सुरू होतो, नाणं टाकलं की आवाज येतो, पण पडद्यावर वरच्या ओळीत जिथे इंग्रजीत ‘हाय स्कोअर’ हवं तिथे प्रत्येक ‘एच’चा ‘आय’ झालाय, ‘आर’चा ‘एस’ झालाय आणि दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत ‘ए’ येऊन बसलाय. बाकीची अक्षरं मात्र बरोबर आहेत. पॅक-मॅनच्या आकृत्यांत ‘एच’चा क्रमांक ७२ आणि ‘आय’चा ७३. ‘आर’ ८२, ‘एस’ ८३. मोकळी जागा ६४, ‘ए’ ६५. म्हणजे सम क्रमांक तेवढे एकाने वाढलेत आणि विषम होते ते तसेच राहिलेत. द्विमान पद्धतीत सम-विषम ठरवतो तो सर्वांत खालचा बिट, आणि तोच कुठेतरी कायमचा १ होऊन बसलाय. कुठे? रॅममध्येच असता तर बोर्डाने सुरू होताना स्वतःची रॅम तपासली तेव्हाच तो अडकला असता. खेळ सुरू झाला, त्याअर्थी प्रोसेसरला रॅममध्ये बरोबर आकडा दिसतोय. तो बिघडतो रॅममधून आकृत्यांच्या रॉमकडे जाताना. आठ तारांपैकी एक तार, त्या तारेवरची एखाद-दुसरी आयसी. शेकडो सांध्यांच्या बोर्डावर शोध एवढ्या जागेत येऊन थांबतो, आणि तोवर मीटर बाहेरही काढलेला नसतो.

पडदा स्थिर नसेल तर गोष्ट वेगळी. कचरा सारखा झटका बसल्यासारखा बदलतो, क्षणभर काही नीटनेटकं दिसतं, पुन्हा मोडतं. हे ‘वॉचडॉग’चं काम. प्रोग्राम कुठे अडकला तर दुकानदाराला यंत्र बंद-चालू करायला लागू नये म्हणून बोर्डावर एक काउंटर ठेवलेला असतो. पडद्याच्या १६ फ्रेम होईपर्यंत, म्हणजे साधारण पाव सेकंदात, प्रोसेसरने त्याला ‘मी जागा आहे’ असं कळवलं नाही तर तो प्रोसेसरला रीसेट करतो. प्रोग्रामची एक रॉम जरी खराब असली तरी प्रोसेसर वाट चुकतो, निरोप जात नाही, आणि हे चक्र अखंड चालू राहतं. झेड-८०च्या २६ क्रमांकाच्या पायावर लॉजिक प्रोब टेकवला तर हा रीसेट लुकलुकताना दिसतो. काही जण घाईने ‘रीसेट सर्किट बिघडलंय’ म्हणून तेच उकरायला बसतात. ते बिचारं आपलं काम चोख करत असतं.

एवढं वाचन जमलं तरी हत्यार उचलायच्या आधी वीज मोजायची, हा नियम मोडू नये. ७४ मालिकेतल्या आयसींना ५ व्होल्ट लागतात, सव्वापाच-पावणेपाचच्या आत. हे व्होल्ट पॉवर सप्लायवर नाही, बोर्डावरच्या एखाद्या आयसीच्या पायांवर मोजायचे, शक्यतो दोन-तीन कोपऱ्यांत. सप्लायवर ५.१ आणि बोर्डाच्या टोकाला ४.५ हे दृश्य फार नेहमीचं. मधला अर्ध्याहून जास्त व्होल्ट कनेक्टरने खाल्लेला असतो.

पॅक-मॅनच्या बाबतीत तर कनेक्टर हाच मोठा रोग. या बोर्डाला तयार ५ व्होल्ट मिळत नाहीत. कपाटातल्या ट्रान्सफॉर्मरवरून ७ व्होल्टचा एसी बोर्डाच्या कडेवरच्या पट्ट्यांमधून आत येतो, आणि त्याचा डीसी बोर्डावरच केला जातो. बराच मोठा करंट या अरुंद पट्ट्यांतून वर्षानुवर्षं, दिवसाचे बारा-चौदा तास वाहिलेला असतो. पट्टीवर जराशी पुटं चढली की अडथळा वाढतो, अडथळ्याने उष्णता वाढते, उष्णतेने आणखी पुटं. शेवटी पट्टी तपकिरी होते, मग काळी, मग बोर्डावरून पापुद्र्यासारखी सुटते. अशा पट्ट्या लोक पॉलिश पेपरने घासतात. त्याने वरचा मुलामा जातो आणि दुखणं लवकर परत येतं. खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे. आणि बोर्डाची कड दुरुस्त करून कपाटातला जळका कनेक्टर तसाच ठेवला तर सगळी मेहनत पाण्यात जाते, कारण दुखण्याचं अर्धं अंग तिकडे असतं. पुष्कळ जण हल्ली तो ७ व्होल्टचा मार्गच बंद करून बाहेरून स्विचिंग सप्लायचे ५ व्होल्ट देतात. संग्रहालयवाल्यांना ते रुचत नाही. मला त्यात गैर काही वाटत नाही. बोर्ड चालू राहणं महत्त्वाचं.

पिक्चर ट्यूबबद्दल एकच सांगतो. तिच्या ॲनोडवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. बोर्ड दुरुस्त करायला ट्यूबजवळ हात न्यायची गरज नाही. बोर्ड बाहेर काढून टेबलावर चालवावा.

वीज ठीक असेल तर मग सॉकेट. रॉम, प्रोसेसर आणि नामकोच्या खास आयसी सॉकेटमध्ये बसवलेल्या असतात, आणि स्वस्त सॉकेटच्या पात्या चाळीस वर्षांत ढिल्या आणि काळ्या पडतात. आयसी अलगद उचलून, पाय साफ करून पुन्हा बसवली की कितीतरी बोर्ड जागे होतात. उचलताना पाय वाकतात, क्वचित मोडतात. म्हणून दोन्ही टोकांनी थोडं थोडं उचकटावं, एका बाजूने झटका देऊ नये. आयसी उलटी बसवली तर मात्र ती जवळजवळ नक्की जाते, तेव्हा खाच कुठल्या बाजूला आहे याचा फोटो आधी काढून ठेवावा.

रॉम निघाल्याच आहेत तर त्या वाचूनही घ्याव्यात. पुष्कळ बोर्डांवर काचेची खिडकी असलेले ईप्रॉम असतात. त्यांतली माहिती अतिनील प्रकाशाने पुसता येते, म्हणून खिडकीवर स्टिकर लावलेला असतो. स्टिकर पडला आणि बोर्ड वर्षानुवर्षं उजेडात राहिला तर एखादा बिट हळूच उलटतो. नुसत्या वयानेही उलटू शकतो. आता मूळ माहिती काय होती ते कळणार कसं? इथे मदतीला येतो मेम हा प्रकल्प. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७मध्ये त्याची पहिली आवृत्ती आणली. जुने खेळ संगणकावर जसेच्या तसे चालवणारं हे सॉफ्टवेअर, आणि त्याची सुरुवात पॅक-मॅनच्याच बोर्डाच्या नकलेतून झाली. हजारो बोर्डांवरच्या प्रत्येक रॉमचा चेकसम त्यात नोंदलेला आहे. प्रोग्रामरमध्ये आयसी घालायची, वाचायची, आलेला चेकसम नोंदीशी ताडून पाहायचा. जुळला तर रॉम निर्दोष. नाही जुळला तर त्याच मापाच्या कोऱ्या ईप्रॉमवर नवी प्रत उतरवायची. ‘मेमवर खेळता येतं तर बोर्ड कशाला दुरुस्त करायचे’ असं विचारणाऱ्यांना कल्पना नसते की मेममधलं पुष्कळसं काम कुणीतरी चालू बोर्ड समोर ठेवून तपासलेलं आहे.

रॉमही ठीक निघाल्या, रॅमही, तर मग ७४ मालिकेच्या जंगलात शिरावं लागतं. इथलं मुख्य हत्यार स्वस्त आहे: लॉजिक प्रोब. पायावर ०.८ व्होल्टच्या खाली असेल तर शून्य, २च्या वर असेल तर एक, आणि सारखी ये-जा असेल तर पल्सचा दिवा. महत्त्वाचा असतो तो चौथा प्रकार, एकही दिवा न लागणं. चांगल्या आयसीचा आउटपुट शून्य असेल किंवा एक असेल. तो मधेच, दीड व्होल्टच्या आसपास तरंगत असेल तर आयसीच्या आतला आउटपुट तुटलेला असण्याची शक्यता दाट. (काही आयसींचा आउटपुट मुद्दामच तरंगता ठेवता येतो, तेव्हा डेटाशीट उघडून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.) फुजित्सूच्या त्या काळातल्या ७४ मालिकेच्या आयसी अशा मुक्या होण्याबद्दल जगभरच्या मेकॅनिक मंडळींत बदनाम आहेत. जपानी बोर्ड हातात आला की काही जण आधी त्यांचा शिक्काच शोधतात.

आउटपुट मुका वाटला तर सोल्डर न काढता एक चाचणी होते. वीज बंद करून त्याच क्रमांकाची चांगली आयसी संशयित आयसीच्या पाठीवर बसवायची, पायाला पाय लागेल अशी दाबून, आणि वीज द्यायची. चित्र सुधारलं तर चोर सापडला. पण हा उपाय तुटलेल्या आउटपुटलाच लागू. आउटपुट आतून शॉर्ट असेल तर वरची चांगली आयसीही त्याच्यापुढे हतबल होते, आणि ‘बदलून पाहिलं, फरक नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

आयसी काढायची वेळ आली की खरी कसोटी. बहुतेक बोर्ड मेले ते बिघाडाने नव्हे, दुरुस्तीने, असं म्हटलं तर फारसं वावगं होणार नाही. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना ट्रॅक असतात आणि प्रत्येक भोकाच्या आत तांब्याची पातळ नळी. सोल्डर पुरतं वितळलं नसताना आयसी ओढली की ती नळीच बाहेर येते, आणि वरचा ट्रॅक खालच्यापासून तुटतो. मूळ बिघाड एक होता, आता दोन झाले, आणि दुसरा डोळ्यांना दिसत नाही. आयसी वाचवायची नसेल तर सरळ मार्ग असा: बारीक कटरने तिचे चौदा किंवा सोळा पाय अंगाजवळ कापून टाकायचे, धड उचलायचं, मग एकेका पायाला वरून थोडं नवं सोल्डर देऊन तापवायचं आणि चिमट्याने सोडवायचं. जुनं सोल्डर हट्टी असतं. नवं मिसळलं की ते नीट वाहतं. मग सक्शन पंपाने भोकं मोकळी करायची, नवं सॉकेट बसवायचं, आणि प्रत्येक पायाची पुढच्या आयसीपर्यंतची कंटिन्युटी मल्टिमीटरने बघायची. त्याच जागी पुन्हा बिघाड झाला तर आयसी बदलणं मिनिटभराचं काम राहतं. या आयसी आजही मिळतात; आपल्याकडे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ७४ मालिका विकणारी दुकानं आहेत. महाग आणि दुर्मीळ झालेल्या जुन्या आयसी मात्र जपून घ्याव्यात, कारण वरचा नंबर घासून दुसरा छापलेला मालही बाजारात फिरतो.

सगळेच बोर्ड पॅक-मॅनसारखे बोलके नसतात. अटारीच्या १९७९ सालच्या ‘ॲस्टेरॉइड्स’मध्ये चौकोन नाहीत, कचराही नाही. तिथे चित्र रेषांनी बनतं आणि प्रोसेसर थांबला की पडद्यावर काहीच उरत नाही. मग प्रोसेसरकडून एक निरर्थक कवायत करून घेतात. ६५०२ प्रोसेसरच्या डेटाच्या आठ तारा बोर्डापासून तोडून त्यांवर ‘काही करू नको, पुढे चल’ एवढी एकच सूचना कायमची बांधायची. तो बिचारा पहिल्या पत्त्यापासून शेवटच्यापर्यंत चालत राहतो. पत्त्याच्या सोळा तारा सीआरओवर (ऑसिलोस्कोपवर) पाहिल्या की प्रत्येक तारेचा वेग आधीच्या तारेच्या बरोबर निम्मा दिसायला हवा. जिथे ही साखळी तुटते, तिथे शॉर्ट, तुटका ट्रॅक किंवा मेलेला बफर. त्या काळात हेच काम कंपन्या पेटीत भरून विकत: अटारीचा कॅट बॉक्स होता, फ्लूक कंपनीचा ९०१०ए होता, जो प्रोसेसर काढून त्याच्या सॉकेटमध्येच खुपसता येई. ते जुने ९०१०ए आजही वापरात आहेत.

विजेने आणि वयाने जेवढे बोर्ड गेले असतील त्यांच्या जोडीला बॅटरीने मेलेलेही पुष्कळ. विल्यम्स कंपनीने ‘डिफेंडर’मध्ये खेळाडूंचे विक्रम लक्षात राहावेत म्हणून बोर्डावरच तीन पेन्सिल सेल ठेवले. सेल गळले की त्यातला अल्कली ट्रॅकवरच्या हिरव्या थराखाली शिरतो आणि तांबं आतून खात जातो. वरून फक्त थोडा निळसर-पांढरा फुलोरा दिसतो. तो आधी व्हिनेगरने मारायचा, मग बोर्ड पाण्याने आणि अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवायचा, आणि गेलेला ट्रॅक बारीक तारेने जोडायचा. सेल मात्र पुन्हा बोर्डावर बसवायचे नाहीत. वीज गेली तरी लक्षात ठेवणारी रॅम बसवली की सेलची गरजच संपते.

कॅपकॉम कंपनीची बॅटरी याहून वेगळ्या जातीची. १९९३ साली आलेल्या त्यांच्या सीपीएस-२ बोर्डावर खेळाचा प्रोग्राम कुलूपबंद असे आणि कुलपाची किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या इवल्याशा मेमरीत. नक्कल होऊ नये म्हणून ही तजवीज. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि चालू केल्यावर दिसतो तो नुसता एकरंगी पडदा. बोर्डावरची एकही आयसी बिघडलेली नसते. आपल्याकडच्या व्हिडिओ गेमच्या दुकानांत ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला गेलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा कॅपकॉमचाच १९९३चा खेळ, आधीच्या पिढीच्या बोर्डावरचा. त्याच्याही अस्सल बोर्डावर आवाज सांभाळणाऱ्या झेड-८०चा प्रोग्राम असाच कुलपात आणि किल्ली बॅटरीवर. नकली बोर्ड बनवणाऱ्यांना ते कुलूप आधीच काढावं लागे, त्यामुळे तिथे मरायला बॅटरीच नसे.

सीपीएस-२चं कूट २००७ साली अँड्रियास नाइव्ह आणि साल्मोरिया यांनी उलगडलं. २०१६मध्ये एदुआर्दो क्रूझ आणि त्यांच्या सोबत्यांनी किल्ली बोर्डात परत लिहायची रीत जाहीर केली. आता बोर्डाच्या ठरावीक पायांना काही तारा आणि एक छोटा मायक्रोकंट्रोलर जोडला की मेलेला बोर्ड उठतो. वीज येताच दर वेळी किल्ली भरणारी बोटभर पट्टीही मिळते. ती बसवली की बॅटरी काढून टाकली तरी चालते, आणि गळायच्या आत ती काढलेलीच बरी.